केरिचोची शिंक

आम्ही केरिचो सोडलं त्या दुपारी गारा पडत होत्या. यात नवल काही नाही. केरिचोत एखाद्या दुपारी गारा पडल्या नाहीत, तरच लोक आभाळाकडे बघून काळजी करतात. आणि "आम्ही" लिहिलं ते सवयीनं. निघाले मी एकटीच होते.

कंपनीच्या पिकअपमध्ये माझ्या दोन बॅगा चढवून झाल्या होत्या. क्वार्टरमध्ये नव्यानं राहायला येणारे इंजिनिअर आणि त्यांची बायको पडवीत अदबीनं उभे होते. ती बिचारी मी जाईपर्यंत आत पाऊल टाकायला तयार नव्हती, पण खिडक्यांच्या पडद्यांची मापं तिच्या डोळ्यांत दिसत होती. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. एवढ्यात फाटकातून एस्तर आली, छत्री तिरकी धरून, काखेत दुधी भोपळ्याचा लांबट तुंबा घेऊन. त्यात मुर्सिक होतं. झाडाच्या कोळशानं आतून सारवलेल्या तुंब्यात मुरवलेलं आंबट दूध, करड्या रंगाचं. मी म्हटलं, "एस्तर, हे विमानात नेऊ देत नाहीत." ती म्हणाली, "मग इथं पी." आणि मी भर गारांत, एका छत्रीखाली तिला चिकटून, ते सगळं उभ्या उभ्या प्यायले. ओठांवर दुधाची मिशी घेऊन मी गाडीत बसले. रडायचं ठरवलं होतं, पण पोट इतकं गच्च भरलं होतं की नाकुरूपर्यंत नुसते ढेकर येत राहिले.

कऱ्हाडच्या माझ्या माणसांनो, तुम्ही फोनवर अजून विचारता की आफ्रिकेत सिंह बघितले असशील ना. केरिचोत सिंह नाहीत. केरिचोत चहा आहे. डोंगरामागून डोंगर, सगळे एकाच उंचीला कापलेले, कुणी कात्रीनं भादरल्यासारखे हिरवेगार. मधूनच निलगिरीची झाडं, लाल मातीचे रस्ते, पाठीवर टोपल्या घेऊन पानं खुडणारी माणसं. विषुववृत्त हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही बाराही महिने स्वेटर घालून. संध्याकाळी शेकोटी. पहिल्या वर्षी मी आईला पत्रात लिहिलं होतं की इथं महाबळेश्वरसारखं आहे, फक्त पर्यटक नाहीत आणि स्ट्रॉबेरीवाले मागे लागत नाहीत. तिनं ते सगळ्या आळीत वाचून दाखवलं.

माझ्या लेकीचे, मुक्ताचे, बाबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. कुणा ओळखीच्यानं सांगितलं की केनियात चहाच्या फॅक्टरीला बॉयलरचा माणूस हवा आहे. यांनी होकार कळवून मग मला विचारलं. तशी ती पद्धतच होती. दोन वर्षांसाठी म्हणून गेलो आणि तीस वर्षं राहिलो. आमच्यासारख्या सगळ्यांचं असंच असतं. आता इथं अमेरिकेत, ॲशबर्नमध्ये भेटणारी पुण्या-नागपूरची मुलंही मला "काकू, पाच वर्षांनी आम्ही परत" असं सांगतात, आणि मी "हो रे बाबा" म्हणते.

निघताना आईनं मला आतल्या खोलीत नेऊन दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, परक्या मुलखात कुणाच्या घरचं खाताना नाक मुरडायचं नाही. दुसरी, नवऱ्याला नावानं हाक मारायची नाही. "तिकडं कुणी बघायला नाही म्हणून सुरू करशील. नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य कमी होतं." मी बीएस्सी झालेली होते. आईला हसले. पण काही गोष्टी हसूनही पाळल्या जातात. जिथं जीव अडकलेला असतो तिथं कोण प्रयोग करून बघणार? मी आयुष्यभर त्यांना "अहो" म्हणाले. वर्षातून एकदा किसुमूच्या मराठी मंडळींत हळदीकुंकू व्हायचं, तेव्हा उखाण्यात यमकाच्या आडोशानं त्यांचं नाव पटकन म्हणून टाकायचं. एरवी नाही. आणि केरिचोनं मला यात मदतच केली, कारण तिथं मूल झालं की आईबापांची नावं मागेच पडतात. मुक्ता झाली, आणि मी झाले "मामा मुक्ता" (तिकडं मामा म्हणजे आई), हे झाले "बाबा मुक्ता". डेअरीत, बँकेत, चर्चच्या जत्रेत, सगळीकडे.

आता एस्तरबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एस्तर आमची शेजारीण. तिच्या घराण्याची चहाची जमीन आमच्या क्वार्टरच्या कुंपणाला लागून. ती रोज दूध घालायला यायची आणि दुधापेक्षा जास्त वेळ सल्ले घालायची. आवाज खणखणीत, चर्चच्या गायकवृंदात पहिली, नवऱ्यापेक्षा हातभर उंच. माझ्या तोडक्यामोडक्या स्वाहिलीला ती पोट धरून हसायची. मुक्ताच्या वेळी माझ्या सासूबाई इस्लामपूरहून बाळंतपणाला आल्या आणि सहा महिने राहिल्या, तेव्हा एस्तर त्यांच्याकडून मराठी शिकली. पण सासूबाई दिवसभर रागवायच्याच, त्यामुळे एस्तरला फक्त रागवायचं मराठी आलं. "अगं बाई", "पुरे झालं", "कुठं उलथली होतीस". माझ्या यजमानांनाही ती खुशाल "काय रे, जेवलास का" म्हणायची. ते हसून "जेवलो" म्हणायचे.

मुक्ताला दवाखान्यातून घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी एस्तर तिच्या सासूला आणि जावेला घेऊन आली. तिघी नेहमीपेक्षा गंभीर होत्या. एस्तर म्हणाली, आता बाळाला विचारायचं की तू कोण आलीस. त्यांच्या किप्सिगिस लोकांत, निदान तिच्या घरी तरी, अशी रीत होती की घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून बाळापाशी घ्यायची. ज्या नावाला बाळ शिंकेल, ते माणूस परत आलं असं समजायचं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं नाव सांगायचं, म्हणजे ते लागू पडतं.

मी हे सासूबाईंना समजावून सांगितलं आणि त्या उडाल्याच. शिंक! शुभकार्यात! आमच्या सासूबाई म्हणजे कुणी शिंकलं तर उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल मागे घेऊन, पाणी पिऊन, पुन्हा निघणाऱ्या. एकदा यांना सर्दी झाली होती, तर त्या दिवशी बाजारात जाणं तीनदा मोडलं. पण तीन बायका अंगणातला चिखल तुडवत आपल्या नातीसाठी आल्यात, त्यांना परत कसं पाठवायचं, म्हणून त्या तयार झाल्या. आजेसासऱ्यांचं नाव घेतलं. त्यांच्या आईचं घेतलं. एका चुलत सासूचं घेतलं, "ती आली तर मात्र बाई माझी धडगत नाही" असं पुटपुटत. मुक्ता आपली मूठ चोखत पडलेली. मग सासूबाई थांबल्या. आणि इतक्या हळू, की मला वाटलं त्या स्वतःशीच बोलल्या, म्हणाल्या, "तारा."

मुक्ता शिंकली. एवढीशी शिंक, मांजराच्या पिल्लासारखी. त्या तिघींनी जीभ हलवत असा काही आनंदाचा गलका केला की खिडकीवरचे कावळे उडाले. सासूबाई मात्र सवयीनं "थांबा, शिंकली" म्हणत मटकन खाली बसल्या, चेहरा पांढरा पडलेला. त्यांना वाटलं, नको म्हणाली. एस्तरनं त्यांचा हात धरला आणि सांगितलं, "नाही म्हातारे, ती हो म्हणाली. आली."

मी दाराकडे पाहिलं. हे तिथं उभे होते आणि भिंतीला टेकले होते. तारा कोण ते मला त्या रात्री त्यांनी सांगितलं. त्यांची थोरली बहीण. तीन वर्षांची होऊन तापानं गेली. त्यानंतर तिचं नाव त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं, सासूबाईंना त्रास होईल म्हणून. सासूबाईही बोलल्या नव्हत्या, सगळ्यांना त्रास होईल म्हणून. चाळीस वर्षं एकमेकांना जपता जपता त्या पोरीला सगळ्यांनी पार पुसून टाकलं होतं. त्या दिवशी सासूबाई एस्तरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या, आणि पुढचे सहा महिने मुक्ताला तेल लावताना, कुणी जवळ नाही असं बघून, "तारे, तारे" म्हणत राहिल्या.

माझा या सगळ्यावर विश्वास होता का? नव्हता. अजूनही नाही, असं मी म्हणेन. तान्ही मुलं शिंकतातच. पण ती खोली मी बघितली आहे, आणि जे बघितलं ते विश्वास नाही म्हणून न बघितल्यासारखं करता येत नाही.

मुक्ता तिथंच वाढली. गारांत शाळेत गेली, मक्याच्या पिठाची उगाळी आणि पिठलं एकाच ताटात खाल्लं, मग शिकायला अमेरिकेत गेली आणि तिथलीच झाली. आम्ही दोघं मागे राहिलो. निवृत्तीनंतरही कंपनीनं यांना सोडलं नाही. बॉयलरला यांच्याशिवाय करमत नाही असं हे म्हणायचे, खरं तर उलटं होतं. आणि एका सकाळी डबा घेऊन गेलेले, दुपारी छातीत कळ येऊन गेले. डॉक्टर पोचायच्या आत.

गुजराती आणि शीख मंडळींनी बांधलेलं स्मशान आहे तिथं, तिकडं नेलं. आठवडाभर पाऊस लागलेला, सरपण सगळं ओलं. भटजींचा पत्ता नाही. तेव्हा फॅक्टरीतली माणसं ट्रॅक्टर घेऊन आली. बॉयलरच्या शेडमधली निलगिरीची लाकडं त्यांनी भरून आणली होती, सगळ्यांत जुनी, सगळ्यांत वाळलेली. ओलं लाकूड बॉयलरमध्ये घातलं म्हणून हे त्यांना आयुष्यभर ओरडले होते. प्रत्येक ओंडका हातात घेऊन, वाजवून, निवडून आणला होता त्यांनी. भेटायला येणारा प्रत्येक जण माझा हात धरून "पोले, मामा मुक्ता, पोले" म्हणायचा. कुणाचं काही दुखलंखुपलं, हरवलं, गेलं, की तिथं हा शब्द म्हणतात. मराठीत त्याला शब्द नाही; आपण एकदम उपदेशालाच लागतो.

मला मात्र सारखा आईचा राग येत होता. मी नाव घेतलं नाही. उखाण्याबाहेर एकदाही नाही. तरी गेले ना? मग कशासाठी इतकी वर्षं मी त्यांना "अहो" म्हणून बोलावलं, जसं कुणीही कुणालाही रस्त्यात बोलावतं?

पुढं वर्षाच्या आत क्वार्टर सोडावी लागली, आणि मी ॲशबर्नला मुक्ताकडे आले. इथं सगळं छान आहे हो. माझी तक्रार नाही. टाउनहाऊस आहे, खाली गॅरेज, मागे डेक, डेकवर माझी मेथी. आजूबाजूला इतके मराठी लोक की संक्रांतीला तीन वेगवेगळ्या मंडळांतून बोलावणं येतं आणि दोन कॅन्सल करावी लागतात. चहाच्या डोंगरांच्या जागी डेटा सेंटर्स आहेत, बिनखिडक्यांची लांबच लांब खोकी. जावई सौरभ तसल्याच एका खोक्यात काम करतो. नागपूरचा मुलगा, मनानं फार चांगला, बोलण्यात सारखं "यार" आणि "लॉजिकली". मी त्याला सांगितलंय, जेवायला बसल्यावर तरी लॉजिक बाजूला ठेवत जा.

पण इथं मला कुणी "मामा मुक्ता" म्हणत नाही. दवाखान्यात माझं नाव पुकारतात, ते मला क्षणभर दुसऱ्याच कुणाचं वाटतं. आणि "बाबा मुक्ता" म्हणणारं तर कुणीच उरलं नाही. मुक्ता "बाबा" म्हणते. सौरभ त्यांना दोनदाच भेटलेला, तो "मुक्ताचे डॅड" म्हणतो. मी "हे" म्हणते. ज्याच्याकडे बोट दाखवायचं तो माणूसच समोर नसला, तर "हे" म्हणजे कोण? एक दिवस भाजी चिरताना माझ्या लक्षात आलं की या अख्ख्या देशात त्यांचं नाव कुणी कधी उच्चारलेलंच नाही. सासूबाईंच्या घरी तारेचं झालं होतं, तसंच. मला खूप भीती वाटली.

या वसंतात मुक्ताला मुलगी झाली. बारसं शनिवारी ठरलं, कारण इथं बाराव्या दिवसाला रजा मिळत नाही. सौरभची बहीण पिस्कॅटवेला शिकते, ती ड्राइव्ह करून येणार होती. आत्या नाही तर नाव कोण ठेवणार? नाव रेवा ठरलं होतं. मी घुगऱ्या भिजत घातल्या होत्या. तेवढ्यात मुक्ता बाळाला थोपटत म्हणाली, "आई, बारशाच्या आधी मला रेवाला विचारायचंय. कोण आलंय ते. एस्तरमावशीला कॉल करू."

सौरभ लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाला, "यार मुक्ता, न्यूबॉर्न दिवसातून दहादा शिंकतात. पीडियाट्रिशियननं सांगितलंय, नॉर्मल आहे."

"मग काय बिघडलं? शिंकू दे ना."

"बिघडलं काहीच नाही. लॉजिकली कशालाही शिंकेल ती. झिप कोड वाचला तरी शिंकेल."

"माझ्या वेळी आजीनं नावं घेतली होती," मुक्ता त्याच्याकडे लक्ष न देता मला म्हणाली. "आता घरातली मोठी तू आहेस. बाबांचं नाव तूच घ्यायचंस."

मी घुगऱ्यांचं पाणी बदलायला उठले. मग म्हटलं, एस्तरला आता नीट ऐकू येत नाही. मग म्हटलं, तिकडं नेटवर्क नसतं. मग म्हटलं, बाळाला इतक्या लवकर फोनसमोर धरू नये. मुक्ता ऐकून घेत होती, आणि शेवटी म्हणाली, "तुला नको आहे का?"

मला नको नव्हतं. मला इतकं हवं होतं की हो म्हणायचा धीर होत नव्हता. ज्यावर माझा विश्वास नाही असं मी आत्ताच लिहिलं, त्याच शिंकेसाठी मी आतल्या आत देवाला हात जोडत होते. आणि जर नाही शिंकली तर? एकदा त्यांना ट्रॅक्टरभर लाकडांवर सोडून आले होते. पुन्हा हाक मारायची, सगळ्यांसमोर, आणि पुन्हा कुणी यायचं नाही, हे मला झेपणार नव्हतं. हे मी मुक्ताला सांगितलं. तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि नुसती शेजारी बसली. मी म्हटलं, उद्या लाव फोन.

शनिवारी सकाळी आम्ही हॉलमध्ये बसलो. केरिचोत तेव्हा संध्याकाळ होत आलेली. पडद्यावर आधी एस्तरचं कपाळ दिसलं, मग छत, मग एकदाची एस्तर. केस पांढरे, एका डोळ्यात मोतीबिंदू, आवाज मात्र तोच. तिच्या पत्र्यावर गारा अशा वाजत होत्या की आमच्या सोफ्यावर पडतायत असं वाटावं.

"चामगेई, मामा मुक्ता! कुठं उलथली होतीस?" तिचं मराठी ऐकून सौरभ चाटच पडला.

तिनं आधी प्रार्थना केली, कारण देवाला कळवल्याशिवाय ती काही करत नाही. मग म्हणाली, सुरू कर. मी माझ्या सासऱ्यांचं नाव घेतलं. काही नाही. सासूबाईंचं घेतलं, आणि घरात दणदणीत शिंक झाली. सौरभची. एप्रिलमध्ये इथं झाडांचा पिवळा धुरळा उडतो, आणि बिचाऱ्याचं नाक महिनाभर वाहत असतं. "हा नको," एस्तर पडद्यातून ओरडली, "हा फार मोठा आहे! पुढं!" आम्ही सगळे हसलो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

मी म्हणाले. पण घशातून जेमतेम वारा आला.

"काय? ऐकू येत नाही. गारा पडतायत!"

मी पुन्हा म्हणाले.

"अगं बाई, मोठ्यानं बोल! त्याला ऐकू जायला नको?"

आणि मी ओरडले. "माधव!"

अख्खं घर दणाणलं. शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. मुक्तानं दोन्ही हात तोंडावर धरले. रेवानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, जांभई दिली. शिंकली नाही. मी पुन्हा हाक मारली, "माधव." आणि पुन्हा, आता ओरडून नव्हे, जसं आतल्या खोलीतल्या माणसाला बोलावतात तसं. "माधव. अहो माधव." त्या नावाला चव होती हो. तोंडात ठेवलं तर विरघळू नये असं वाटण्याइतकी. इतकी वर्षं हे माझ्या घरात होतं आणि मी त्याला हात लावला नव्हता. मी किती वेळा म्हणाले ते मला आठवत नाही. रेवा झोपून गेली.

मग सौरभ खाली बघत म्हणाला, "माझ्या साइडचं पण एक घ्यायचं का? म्हणजे, अलाउड आहे का?" एस्तरला मी सांगितलं. ती म्हणाली, बापाचं घर पहिलं विचारायला हवं होतं, मूर्खांनो. सौरभनं चष्मा काढला आणि म्हणाला, "गिरिजाआजी."

झोपेतच रेवाचं नाक मुरडलं, ओठ थरथरले, आणि ती शिंकली.

एस्तरनं तिकडून जो काही गलका केला, त्यात गारासुद्धा ऐकू येईनाशा झाल्या. सौरभ "कोइन्सिडन्स आहे" म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. मग उठून डेकवर गेला आणि मेथीच्या कुंड्यांपाशी पाठमोरा उभा राहिला. मी मागोमाग गेले. आईवडील नोकरीवर, म्हणून याला त्या आजीनंच वाढवलं होतं. ती गेली तेव्हा याचे व्हिसाचे कागद अडकले होते. इथून निघाला असता तर परत येता आलं नसतं. मुक्ता तेव्हा पोटुशी होती. आजीचं सगळं त्यानं फोनवर बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगला बसला. आम्हां कुणाला त्यानं डोळ्यांतलं पाणी दाखवलं नव्हतं. आता मात्र लहान मुलासारखा हुंदके देत म्हणाला, "आई, मी गेलो नाही. ती वाट बघत होती यार, आणि मी नाही गेलो." मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "पोले, बाळा. पोले." त्यानं अर्थ विचारला नाही.

आत आले तर एस्तर अजून फोनवर होती. तिला आडपडदा माहीत नाही. म्हणाली, "बाबा मुक्ता आला नाही."

"नाही आले," मी म्हणाले. आणि मग जे खरं होतं ते तिला सांगितलं, कारण तिच्याशिवाय कुणाला सांगणार. की रेवानं जांभई दिली तेव्हा मला आधी धस्स झालं, आणि लगेच मागून हायसं वाटलं. ते तिच्यात आले असते, तर मग ते रेवाचे झाले असते. मुक्ताचे, सौरभचे, या घराचे. माझे कसे राहिले असते?

एस्तर इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला. छत दिसायला लागलं, आणि त्या छतातून आवाज आला, "बरं झालं नाही आला. नाहीतर म्हातारपणी नवऱ्याची दुपटी धूत बसली असतीस!"

बारसं झालं. आत्यानं कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या संपल्या. दुसऱ्या दिवसापासून सौरभ रेवाला "काय गिरिजाबाई" म्हणू लागला, आणि वर आम्हांला सांगू लागला की हे फक्त गमतीनं आहे हं. मी बरं म्हटलं.

तुम्ही विचारता, आता तुझं घर कुठलं, कऱ्हाड, केरिचो की ॲशबर्न. पूर्वी मी या प्रश्नाला घाबरायचे. कऱ्हाडला आता माझी खोली नाही, केरिचोच्या खिडक्यांना दुसरीचे पडदे आहेत, आणि इथं मी लेकीकडे आहे. पण रोज सकाळी मी रेवाला गाडीत घालून फिरायला नेते. डेटा सेंटरच्या कडेनं रस्ता आहे. आतून पंख्यांची एकसारखी घरघर येत असते, फॅक्टरीत चहाची पानं सुकवायच्या हॉलमध्ये यायची तशीच. मी चालता चालता बोलत असते, चांगली मोठ्यानं. इथं रस्त्यानं एकटं बोलणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही. सगळ्यांना वाटतं, कानात फोन आहे. परवा समोरून येणाऱ्या एका बाईंनी तर माझं बोलणं मोडू नये म्हणून नुसती मान हलवली, आणि हळूच बाजूनं गेल्या. बरोबरच केलं त्यांनी. मी यांनाच सांगत होते, "माधव, तो तिसरा पंखा ऐकलात का? बेअरिंग गेलंय त्याचं."